ध्वनिसंपादनाची साधने आणि बोलीचा पाठ

'संपादन' हा शब्द मराठीत हस्तलिखिताच्या संदर्भात रुळला आणि आता तो ध्वनिमुद्रणालाही लावला जातो. मात्र शब्दाबरोबर त्यामागची शिस्त आलेली दिसत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्णत्वास नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत संहितेखाली पाठभेद नोंदविलेले आहेत. संपादकाने काय पत्करले आणि काय बाजूस सारले, हे त्यामुळे वाचकाला पारखून घेता येते. बोलींच्या अभ्यासासाठी जमविलेल्या ध्वनिमुद्रणांचे तसे होत नाही. आवाज 'स्वच्छ' केला जातो, मधली शांतता छाटली जाते, पातळी चढविली जाते. आणि प्रबंधात नोंद होते ती केवळ वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या नावाची. कोणते सॉफ्टवेअर निवडावे ह्या प्रश्नाचा विचार बहुधा सोय आणि किंमत ह्यांच्या अंगाने होतो. वस्तुतः त्याने पुराव्याचे काय होते, हे प्रथम पाहावयास हवे.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. 'हे जग मोठे आहे' ह्यातील 'जग' आणि 'सुखाने जग' ह्यातील 'जग' हे दोन शब्द लिपीत एकच दिसतात. एकात तालव्य 'ज' आहे, दुसऱ्यात दंततालव्य. हा भेद कानाला कळतो तो मुख्यतः घर्षणामुळे, आणि दंततालव्य उच्चारातील घर्षणाची शक्ती वरच्या वारंवारतांकडे झुकलेली असते. 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' ह्यांतील महाप्राणत्व तर त्याहून क्षीण. स्वराच्या आरंभी मिसळलेला थोडासा श्वास, एवढेच त्याचे भांडवल. म्हणजे मराठीचे काही महत्त्वाचे वर्णभेद नेमके त्या सामग्रीवर उभे आहेत, जिला यंत्र खरखर समजते.

ऑडॅसिटी ही सर्वांत लोकप्रिय प्रणाली ह्याच ठिकाणी फसवी ठरते. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग ह्यांनी तिचा आरंभ केला. ती विनामूल्य आहे, हाताळण्यास सुलभ आहे, आणि तासभराचे ध्वनिमुद्रण कापून त्याचे तुकडे करण्यास तिच्याइतके सोपे साधन क्वचित सापडेल. तिच्यातील खरखर घटविण्याची सोय पुढीलप्रमाणे चालते: वापरणाऱ्याने निव्वळ खरखरीचा एक तुकडा दाखवावयाचा, प्रणाली प्रत्येक वारंवारतापट्ट्यातील त्याची पातळी मोजते, मग निवडलेल्या सगळ्या भागात ज्या क्षणी ज्या पट्ट्यातील शक्ती त्या पातळीच्या पुरेशी वर नसेल, तेथे ती दाबून टाकते. पंख्याचा सूं-सूं आवाज कोणता आणि निवेदकाचा श्वास कोणता, हे तिला कळत नाही, आणि कळण्याचे कारणही नाही. परिणामी 'म्ह' हा 'म'च्या जवळ सरकतो. महाप्राणाचा लोप हा मराठी बोलींच्या अभ्यासातील खराखुरा विषय असल्यामुळे, असे ध्वनिमुद्रण मोजून एखाद्या विद्यार्थ्याने 'ह्या बोलीत महाप्राणत्व लोपत आहे' असा निष्कर्ष काढला, तर त्याला दोष देणेही कठीण. लोप झालेला असतो तो संपादनात, बोलीत नव्हे.

दुसरा दोष अधिक गंभीर मानावा लागतो. ऑडॅसिटीत केलेल्या कृतींचा इतिहास काम चालू असेतोवर दिसतो. प्रकल्प बंद केला की तो नाहीसा होतो. राहतो तो केवळ शेवटचा पाठ. पाठभेदांचे टिपण जाळून संहिता तेवढी छापावी, तसाच हा प्रकार.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोरस्मा आणि डेव्हिड वेनिंक ह्यांचे 'प्रात' हे साधन ह्याच्या उलट टोकाला आहे. (डच भाषेत ह्या शब्दाचा अर्थ 'बोल' असा आहे, नामकरण इतके समर्पक क्वचित साधते.) संपादक म्हणून ते ओबडधोबड आहे. अनेक पटांचे मिश्रण त्यात सुखाने करता येत नाही. फार लांब ध्वनिमुद्रण स्मृतीत न भरता उघडले तर ते पाहता-ऐकता येते, पण बदलता येत नाही. आणि यादीतील वस्तू जतन केल्यावाचून खिडकी मिटली तर दिवसाचे काम गेले म्हणून समजावे. त्याच्या मूळ मांडणीत वर्णपट ५००० हर्ट्झपर्यंतच दिसतो, ही गोष्टही विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. स्वरांसाठी ती मर्यादा पुरते. दंततालव्य 'च' व 'ज' ह्यांच्या घर्षणाचा मोठा भाग मात्र तिच्या वर राहतो, आणि जे पडद्यावर नाही ते ध्वनीतच नाही असा समज होतो. तथापि प्रातमध्ये एक सोय अशी आहे की तिच्यापुढे हे सर्व दोष क्षम्य ठरावेत. केलेल्या आज्ञांचा इतिहास आज्ञालेखात जसाच्या तसा उतरवून घेता येतो. तो साधा मजकूर असतो; प्रबंधाच्या परिशिष्टात तो छापता येतो, आणि मूळ ध्वनिमुद्रणावर तो पुन्हा चालवून परीक्षकाला तीच मोजमापे पडताळता येतात.

ज्यांना लांब मुलाखतींचे संपादन करणे अपरिहार्य आहे त्यांनी रीपरचा विचार करावा. ते सशुल्क आहे, आणि त्याची रचना संगीतकारांच्या गरजांवरून झालेली आहे. परंतु त्यात मूळ ध्वनी अबाधित राहतो आणि छाट-जोडीची यादी वेगळ्या प्रकल्पपत्रात, तीही साध्या मजकुराच्या रूपात, साठविली जाते. अडोबी ऑडिशन (२००३ पूर्वीचे कूल एडिट) गुणांनी कमी नाही. पण ते भाड्याने मिळते, आणि भाडे थकले की त्यातील कामाचे काय, हा प्रश्न विभागाच्या ध्वनिसंग्रहाने आधीच विचारलेला बरा. वाणी 'सुधारणारी' नवी यंत्रशिक्षित साधने मात्र ध्वनिवैज्ञानिक कामात सर्वथा वर्ज्य मानावीत. ती खरखर काढून थांबत नाहीत, तर वाणीची पुनर्रचना करतात. आणि ज्या भाषांच्या नमुन्यांवर ती शिकली असतील त्यांचे वळण पुनर्रचनेत उतरणार नाही, ह्याची हमी कोण देणार?

अ. मा. घाटगे ह्यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत छापील लिप्यंतर आहे, ध्वनी नाही. १९६५ च्या कुडाळीवरील खंडात एखादा उच्चार अमुक लिहिला असेल, तर लिहिणाऱ्याच्या कानावर विश्वास ठेवणे एवढेच वाचकाच्या हाती उरते. आजचा संशोधक ध्वनी हाती ठेवू शकतो, आणि तोच हातचा घालविण्याची सोय त्याच्या संगणकावर आहे.

व्यवहारात ह्यातून फारशी अवघड मागणी निघत नाही. क्षेत्रात घेतलेले ध्वनिमुद्रण किमान ४८,००० हर्ट्झ व २४ बिट ह्या दर्जाचे, असंक्षेपित 'वेव्ह' रूपातले असावे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या ध्वनिफितींच्या अंकीकरणासाठी हीच किमान मर्यादा सांगितली आहे. एमपी३मध्ये श्रोत्याला ऐकू येणार नाही असे मानलेले अंश गाळलेले असतात; ऐकण्यास ते पुरे, मोजण्यास नाही. मूळ प्रत कोणत्याही प्रणालीत उघडून पुन्हा त्याच नावाने जतन करू नये. ऑडॅसिटी वापरायची तर छाटण्यापुरती, आणि छाटलेल्या प्रत्येक जागेची मूळ ध्वनिमुद्रणातील वेळ बाजूच्या वहीत टिपून. मोजमाप प्रातमध्ये, अस्पर्शित प्रतीवर. खरखर असह्य असेल तर स्वच्छ केलेली प्रत श्रोत्यांना ऐकवावी. 'म्ह'चा निर्णय मात्र खरखरीसकट असलेल्या प्रतीवरूनच व्हावा, आणि कोणता निर्णय कोणत्या प्रतीवरून झाला हे लिप्यंतराच्या खाली, पाठभेदाच्या जागी, लिहिलेले असावे.