खाऊच्या हस्तकामात मूल काय शिकते?

बालवाड्यांत आणि प्राथमिक शाळांत ‘खाऊपासून कलाकृती’ हा उपक्रम आता चांगलाच रुळला आहे. बिस्किटावर जॅम लावून रंगीत गोळ्यांचे डोळे, केळ्याच्या कापांची आगगाडी, डाळ-तांदूळ डिंकाने चिकटवून केलेला मोर हे त्यातले ठरलेले नमुने. मुले रमतात, विस्तव लागत नाही, मोठा वर्गही तासाभरात आवरतो. या सोयी खऱ्या आहेत. तरीही शिक्षकाने एक प्रश्न विचारायला हवा : मुलाच्या हातातल्या पदार्थात काही बदल झाला का, आणि तो मुलाला दिसला का?

बिस्किटाच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असेच आहे. पदार्थ कारखान्यातून तयार होऊन आला, मुलाने फक्त नक्षी केली. डाळीच्या मोराची गोष्ट त्याहून वाईट. डिंक लागलेली डाळ खाता येत नाही. वर्गातली काही मुले शाळेच्या दुपारच्या जेवणाची वाट पाहत असताना धान्य पुठ्ठ्यावर चिकटवणे शोभत नाही.

आता बोईसरजवळच्या नवापूरसारख्या किनारी गावातले स्वयंपाकघर आठवा. तांदळाच्या भाकरीसाठी आई पिठाची उकड काढते. का बरे? गव्हाच्या पिठातली दोन प्रथिने पाण्याबरोबर मळताना एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचे लवचिक जाळे बनते. तांदळात असे जाळे बनत नाही. मात्र सुमारे ७० अंश सेल्सिअसला त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो.

हेच हस्तकाम म्हणून करून पाहावे. प्रत्येक मुलाला गार पाण्यात भिजवलेल्या कणकेचा आणि तांदळाच्या पिठाचा एकेक गोळा देऊन मासा करायला सांगावे. कणकेचा मासा वळतो, तांदळाचा भेगाळतो. मग शिक्षकांनी स्वतः उकड काढून, कोमट झाल्यावर मुलांच्या हाती द्यावी. आता तांदळाचाही मासा होतो! रंगासाठी गोकर्णाची फुले गरम पाण्यात भिजवावीत. निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते गुलाबी-जांभळे होते. शेवटी मासे वाफवून सर्वांनी खावेत. हात आधी धुवावेत, आणि कच्चे पीठ कोणाला चाटू देऊ नये. त्यात रोगजंतू असू शकतात.

ही दृष्टी या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकांना बिस्किटांच्या नमुन्यांसाठी दूर पाहण्याचे कारण नाही.

स्नेहसंमेलनात बिस्किटांची चित्रे जरूर करावीत. परंतु ती हस्तकामाच्या तासाची जागा घेऊ लागली, की घरचे अन्न म्हणजे शिकण्याची गोष्ट नव्हे, असे मूल नकळत शिकते. उकडीचा मासा करून गेलेले मूल मात्र संध्याकाळी चुलीपाशी बसून आईला विचारेल, “पाणी किती गरम हवं?” त्याचे उत्तर आईला पुस्तकाशिवाय येत असते.