भाकीत खोटे ठरावे म्हणून

भुसावळ जंक्शनवर गाडी दोन तास उशिरा येईल अशी घोषणा झाली आणि ती तशीच आली, तर भाकीत बरोबर होते असे आपण म्हणतो. आजारी मुलाविषयीचे भाकीत मात्र खोटे ठरावे म्हणूनच केलेले असते. सेप्सिसच्या निकषांचे मूल्यमापन करताना हा फरक विसरला जातो, असे आम्हाला वाटते.

सेप्सिस, म्हणजे जंतुदोष, यात संसर्गाला शरीर बेताल प्रतिसाद देते आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. २०२४ मध्ये मुलांसाठी ‘फिनिक्स’ निकष प्रसिद्ध झाले. श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणे व मेंदू यांतील बिघाडाला गुण द्यायचे. संसर्गाची शंका असून बेरीज २ वा अधिक झाली की सेप्सिस. ५ देशांतील ३६ लाखांहून अधिक नोंदी त्यासाठी तपासल्या गेल्या. काम भक्कम आहे. पण निकष पुरे करणाऱ्या मुलांपैकी साधनसंपन्न रुग्णालयांत ७.१ टक्के दगावली, साधने अपुरी असलेल्या ठिकाणी २८.५ टक्के! म्हणजे केवळ बेरजेवरून मुलाचे भवितव्य कळत नाही. शिवाय रक्ततपासणीची सोयच नसेल, तर तिचे गुण कोठून आणायचे?

गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतील डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नवजात बाळांसाठी मांडलेले निकष यंत्राविना चालतात. दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, हातपाय सैल पडणे अशा सात खुणांपैकी कोणत्याही दोन एकदम दिसल्या की उपचार करायचे. जंतुदोषाने दगावणारे एकही बाळ यातून सुटले नाही. न दगावणाऱ्यांपैकी ९२ टक्के बाळे योग्य रीतीने वगळली गेली. तरीही खुणा दिसलेल्यांपैकी मृत्यूचे भाकीत सुमारे २७ टक्क्यांबाबतच खरे होते. मग निकष वाईट म्हणायचे का?

वर्गात हे गणित जरूर करून पाहा. समजा, १००० बाळांपैकी ३० दगावणारी आहेत. उरलेल्या ९७० पैकी ८ टक्के, म्हणजे सुमारे ७८ बाळांवर उगाच शंका येईल. एकूण १०८ संशयितांत ३० खरे, म्हणजे २८ टक्के. आता दगावणारी १०च धरा. तेच निकष लावले तरी प्रमाण ११ टक्क्यांवर उतरते. निकष बदललेले नाहीत. दगावणारी बाळे कमी झाली.

म्हणून गुणांक हा निकालपत्रक नव्हे, धोक्याची घंटा आहे. ती वाजल्यावर उपचार किती लवकर मिळतात, हाच खरा प्रश्न.