विद्यापीठीय निरंतर शिक्षण : संशोधन व व्यवहार यांची चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठ हे केवळ अठरा ते बावीस वर्षे वयाच्या तरुणांसाठी नसून, शिक्षणाची संधी हुकलेल्या अथवा संसार व रोजगार यांत गुंतून पडलेल्या प्रौढांचाही त्यावर अधिकार आहे, ही भूमिका महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व श्रमिकांसाठी रात्रशाळा सुरू केली, तेव्हा विद्यापीठाची स्थापनाही व्हावयाची होती. स्वातंत्र्योत्तर काळात ही जबाबदारी विद्यापीठांनी तत्त्वतः स्वीकारली. परंतु तत्त्वाचा व्यवहार होताना ज्याच्यासाठी हे सारे उभारले तो प्रौढ अध्ययनार्थी कोठे राहिला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात निरंतर शिक्षणाचा व्यवहार आणि त्यासंबंधीचे संशोधन या दोन्ही अंगांनी या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

धोरणाची वाटचाल

कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रौढांच्या शिक्षणात विद्यापीठांनी अधिक वाटा उचलावा, असे सुचविले. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य ही उच्च शिक्षणाची तिसरी जबाबदारी मानली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ वयोगटातील सुमारे १० कोटी निरक्षरांना साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि विद्यापीठांनाही त्यात सहभागी करून घेतले. पुढे अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७-१२) ‘आजीवन अध्ययन व विस्तार’ ही संज्ञा रूढ झाली, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्येही तीच स्वीकारली गेली.

‘प्रौढ शिक्षण’, ‘निरंतर शिक्षण’ व ‘आजीवन अध्ययन’ या तीन संज्ञांतील अंतर केवळ शाब्दिक नाही. पहिल्या संज्ञेत एक निश्चित व्यक्ती आहे, दुसरीत एक प्रक्रिया आहे आणि तिसरीत संपूर्ण आयुष्य आहे. संज्ञा जसजशी व्यापक झाली, तसतशी ती व्यक्ती धूसर होत गेली. सर्वांसाठी असलेल्या विभागात नेमके कोणासाठी काम करावयाचे, हे ठरविण्याची निकड उरली नाही.

बहि:शाल परंपरा : व्याख्यान आणि वर्ग

विद्यापीठाच्या भिंतींबाहेर ज्ञान नेण्याची कल्पना इंग्लंडमध्ये १८७३ पासून केंब्रिज विद्यापीठाने प्रत्यक्षात आणली. तिचे खरे फलित मात्र १९०८ मध्ये लाँग्टन व रॉचडेल येथे आर. एच. टॉनी यांनी घेतलेल्या कामगारांच्या वर्गांत दिसले. तेथे अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. एक तास विवेचन व एक तास चर्चा होई. अध्ययनार्थी दर पंधरवड्याला निबंध लिहीत आणि अभ्यासविषय ठरविताना त्यांचे मत घेतले जाई. दिवसभर राबलेल्या माणसाकडून विद्यापीठाने गंभीर अभ्यासाची अपेक्षा केली, हाच त्याचा सन्मान होता.

महाराष्ट्रात बहि:शाल शिक्षण मंडळांनी व्याख्यानाची परंपरा निष्ठेने चालविली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेने नामवंत वक्ते गावोगावी पोहोचविले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि व्याख्यान आणि वर्ग यांत मूलभूत भेद आहे. व्याख्यानाचा श्रोता टाळ्या वाजवून घरी जातो. त्याने काय घेतले, त्याला काय पटले नाही, पुढे काय वाचावे, याचा कोणी पाठपुरावा करीत नाही. इंग्लंडच्या परंपरेतील व्याख्यान येथे रुजले. परंतु प्रौढाला वर्षानुवर्षे सोबत करणारा वर्ग त्या प्रमाणात रुजला नाही.

विस्तारकार्य : अध्ययनार्थी कोण?

महाविद्यालयीन स्तरावर आज विस्तारकार्याचा प्रमुख घटक पदवीचा विद्यार्थी हाच आहे. मुंबई विद्यापीठाच्या योजनेत सहभागी विद्यार्थ्यांना १० अतिरिक्त गुण मिळण्याची तरतूद ठेवली गेली. करिअर प्रकल्प, अन्नपूर्णा योजना, समाजातील स्त्रियांच्या स्थितीचे सर्वेक्षण असे प्रकल्प या योजनेत आले. विद्यार्थ्यांना सामाजिक भान येते, संवादाचा सराव होतो, हे लाभ नाकारण्याचे कारण नाही.

परंतु स्त्रियांच्या स्थितीच्या सर्वेक्षणात काय घडते, हे पाहणे उद्बोधक आहे. विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन वस्तीतील एका घराशी जाते. दार उघडणारी गृहिणी आपले वय, शिक्षण, विवाहाचे वय, घरातील निर्णयांतील सहभाग सांगते. नववीत असताना शाळा सुटली, हेही ती सांगते. त्या उत्तराची नोंद होते, तक्ता तयार होतो, अहवाल सादर होतो आणि गुण विद्यार्थिनीला मिळतात. ज्या प्रौढ स्त्रीसाठी निरंतर शिक्षणाची कल्पना जन्माला आली, ती येथे केवळ उत्तरदाती ठरते. ‘तुम्हाला पुढे शिकावयाचे आहे काय?’ हा प्रश्न विचारला गेला, तरी होकारानंतर तिला कोठे पाठवावे, याची सोय त्या प्रकल्पात नसते.

संशोधनाची दिशा

प्रौढांच्या अध्ययनावरील जी संशोधने पुढे दिशादर्शक ठरली, त्यांचा प्रारंभ प्रौढांचे म्हणणे ऐकण्यातून झाला. सिरिल हूल यांनी केवळ २२ व्यक्तींच्या सखोल मुलाखती घेऊन १९६१ मध्ये अध्ययनप्रेरणेचे तीन प्रकार मांडले : काही जण विशिष्ट उद्दिष्टासाठी, काही सहवासासाठी, तर काही ज्ञानाच्याच ओढीने शिकतात. माल्कम नोल्स यांनी १९७० मध्ये प्रौढशिक्षण व बालशिक्षण यांना परस्परविरुद्ध मानले होते. १९८० च्या आवृत्तीत ग्रंथाचे उपशीर्षकच बदलून त्यांनी तो विरोध सौम्य केला. अनुभवापुढे सिद्धांताला मुरड घालण्याचे हे प्रांजळ उदाहरण आहे. जॅक मेझिरो यांनी शिक्षणाकडे परतलेल्या स्त्रियांच्या अभ्यासातून १९७८ मध्ये दृष्टिपरिवर्तनाची मांडणी केली. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये प्रौढांसमोरील अडथळ्यांचे परिस्थितीजन्य, संस्थात्मक व मनोवृत्तीजन्य असे वर्गीकरण केले.

या क्षेत्रातील स्थानिक लघुशोधप्रबंधांत आणि अहवालांत मात्र बहुधा उपस्थिती, टक्केवारी व ‘समाधानी – असमाधानी’ अशा श्रेणींचाच वापर दिसतो. नमुना शंभराचा असतो, पण आवाज एकाचाही नसतो. शिवाय पाहणी प्रवेश घेतलेल्यांचीच होते. जे आलेच नाहीत किंवा मध्येच सोडून गेले, ते संशोधनाच्या कक्षेबाहेर राहतात. परिणामी, क्रॉस यांच्या वर्गीकरणातील संस्थात्मक अडथळे नजरेआड होऊन सारा दोष प्रौढाच्या ‘अनास्थे’वर ढकलला जातो.

वस्तुतः हे अडथळे प्रवेश-अर्जातच दिसतात. पंधरा वर्षे संसार व नोकरी सांभाळून परतणाऱ्या स्त्रीकडे शाळा सोडल्याचा दाखला, विवाहानंतर बदललेल्या नावाचा पुरावा आणि शिक्षणातील खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. निरंतर शिक्षणाची भाषा बोलणाऱ्या व्यवस्थेत तिचे जगणे ‘खंड’ या एका शब्दात मावते, आणि त्याबद्दल तिलाच खुलासा द्यावा लागतो. कार्यालयाच्या वेळा तिच्या कामाच्या वेळांशी जुळत नाहीत, ही अडचण वेगळीच.

या पार्श्वभूमीवर १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट काढली, ही घटना महत्त्वाची होती. प्रौढाने संस्थेसाठी बदलण्याऐवजी संस्थेने प्रौढासाठी बदलावे, हे तत्त्व त्यामागे होते. पारंपरिक विद्यापीठांच्या विभागांनी या तत्त्वापासून पुरेसा बोध घेतला असे दिसत नाही.

‘आजीवन’ आणि सात वर्षे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधील एकविसावे प्रकरण प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययन यांना वाहिलेले आहे. याच धोरणाने मध्येच शिक्षण थांबवून पुन्हा परतण्याची मुभा पुरस्कारिली. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी अभ्यासक्रम आराखड्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, अशी अट घालण्यात आली. एकोणिसाव्या वर्षी विवाहामुळे बाहेर पडलेली विद्यार्थिनी मुले शाळेत जाऊ लागल्यावर, म्हणजे साधारणतः तिशीत, परतू पाहते. तिच्या आयुष्याचे गणित या मुदतीत बसत नाही. धोरणाच्या भाषेतील ‘आजीवन’ आणि नियमाच्या भाषेतील ‘सात वर्षे’ यांतील ही विसंगती प्रौढांवरील सखोल संशोधन हाताशी असते, तर आराखड्याच्या टप्प्यावरच लक्षात आली असती.

समारोप

महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ७६.९ टक्के होते. ते २०११ मध्ये ८२.३ टक्क्यांवर पोहोचले. उरलेल्या निरक्षरांचा प्रश्न गंभीर आहेच. परंतु अक्षरओळख होऊन पुढे न जाऊ शकलेल्यांचा वर्ग आता कितीतरी मोठा आहे आणि त्याची गरज भागविणे हे विद्यापीठांचे काम आहे. त्या दृष्टीने तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, विस्तारकार्याच्या प्रत्येक सर्वेक्षणाला प्रौढांसाठीच्या एखाद्या सायंकालीन वा रविवारच्या वर्गाची जोड असावी. दुसरी, प्रवेशप्रक्रियेतील वय, खंड व मुदत यांविषयीच्या अटींची प्रौढांच्या बाजूने फेरतपासणी व्हावी. तिसरी, संशोधनाने शिक्षण सोडून गेलेल्यांचा आणि कधीच न आलेल्यांचा शोध घ्यावा. त्यासाठी नमुना लहान असला तरी चालेल, मात्र मुलाखत सखोल असावी.

विभागाचे नाव यापूर्वी बदलले, पुढेही बदलेल. प्रश्नावली घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला उत्तरे देणारी ती गृहिणी पुढील वर्षी त्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आली, तरच निरंतर शिक्षणाचा व्यवहार त्याच्या तत्त्वाशी जुळला, असे म्हणता येईल.