व्याख्यानात बाई कुठे?

बेळगावात इतिहासावर व्याख्यान म्हटलं की किल्ल्यातली कमल बस्ती येतेच. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, साल १२०४, छतातलं दगडी कमळ. माहिती खरी, पण समोर इतक्या श्राविका बसलेल्या असतात आणि तासाभराच्या बोलण्यात बाईचं नावच नाही! इथून गदग काही फार लांब नाही. त्याच्याजवळ लक्कुंडीला अत्तिमब्बेनं १००७ साली जिनालय उभारलं. छपाई नव्हती त्या काळात पोन्नाच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती हातानं लिहवून घेऊन वाटल्या. ग्रंथ जगवणं हा इतिहास नव्हे काय? राजांच्या नावांवर टाळ्या वाजवून उठू नका, बायांनो. बस्ती कुणी बांधली हे कळलं. पोथी कुणी जपली, तेही वक्त्यांना विचारा.