खुशामत आणि तिचे शब्द

समाजाची नीति त्याच्या धर्मग्रंथांत जितकी सांपडते, तितकीच ती त्याच्या निंदावाचक शब्दांत सांपडते. काय करावें हें धर्मग्रंथ सांगतात. लोक खरोखर कशास लाजतात हें निंदेचे शब्द सांगतात. या दृष्टीनें मराठींतील खुशामतीच्या शब्दांचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले. त्यांची पानें चाळूं लागल्यास या एका दुर्गुणासाठीं आपल्या भाषेनें केवढा संग्रह बाळगला आहे, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. परंतु संख्या हा आमचा विषय नव्हे. हे शब्द दोष कोणाच्या पदरांत टाकतात, आणि तो न्याय बरोबर आहे कीं नाहीं, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न तपासण्यास देवणीसारखें गांव सोयीचें आहे. लातूर जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण आज महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. परंतु १९५६ पर्यंत तें हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यांत मोडत असे, आणि १९४८ पर्यंत त्या राज्यावर निजामाचा अंमल होता. घरांत मराठी, बाजारांत मराठीच्या जोडीस कानडी, आणि राज्यकारभारांत प्रथम फार्सी व १८८४ पासून उर्दू, अशी या भागाची भाषिक रचना होती. जेथें कचेरीची भाषा एक आणि चुलीपाशीं बोलावयाची भाषा दुसरी, तेथें साहेबांपुढें उच्चारण्याचे शब्द आणि साहेबांपुढून परत आलेल्या शेजाऱ्याविषयीं उच्चारण्याचे शब्द हे निरनिराळ्या कुळांतले असतात. खुशामतीचे शब्द वेगळाले करून पाहण्यास याहून चांगली जागा आम्हांस दिसत नाहीं.

प्रथम दरबारी कूळ घेऊं. खुशामत हा मूळचा फार्सी खुशामद. खुश म्हणजे चांगलें, आमद म्हणजे आलें. 'आपलें येणें शुभ झालें' असा त्याचा भाव. पाहुण्याचें स्वागत करणारा खुशामदीद हा त्याचाच सख्खा भाऊ होय. हुजरेगिरींतील हुजऱ्या म्हणजे धन्याच्या हुजुरांत, अर्थात् समक्ष, राहणारा सेवक. हांजी हांजी म्हणजे नुसता होकार. स्वागत, समक्षता आणि संमति! जन्मतः यांतील एकही शब्द शिवी नव्हे. इंग्रजींतील फॉन या शब्दाचें चरित्रही असेंच आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ आनंद होणें एवढाच होता. पुढें धनी दिसतांच कुत्र्यास होणाऱ्या आनंदास तो लावूं लागले, आणि शेवटीं कुत्र्याप्रमाणें वागणाऱ्या माणसास. शब्द मळतात ते हातांमुळें. स्वभावतः ते स्वच्छच असतात.

हैदराबादच्या दरबारांत मानाचें एक ठरीव मोजमाप होतें. जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशी पदव्यांची चढती श्रेणी असे. सालारजंग, विकार-उल-उमरा, आसमानजाह हीं नांवें इतिहासांत आलीं तीं याच श्रेणींतून. जेथें माणसाचें नांवच त्याचें स्तोत्र असतें, तेथें अर्जदारानें चार विशेषणें अधिक लाविलीं तर तो लबाड कीं केवळ सभ्य, हें ठरविणें कठीण आहे. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत अर्जदास्त नांवाचा एक प्रकार आहे. सरकारांत करावयाच्या अर्जाची फार्सीमिश्रित भाषा घेऊन तींत जीव परमेश्वरापुढें आपलें गाऱ्हाणें मांडतो. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. म्हणजे आसफजाही घराण्याच्या कितीतरी आधीं मराठवाड्याच्या कानांस या अर्जांची लय इतकी परिचित झाली होती कीं तिच्यावर रूपक उभारतां यावें. संतांनीं नरस्तुति त्याज्य ठरविली. त्यांचा कटाक्ष स्तुति खरी कीं खोटी यावर नसून ती कोणाची, यावर होता. म्हणूनच अर्जाचा साचा तसाच ठेवून नाथांस मालक तेवढा बदलतां आला.

दुसरें कूळ संस्कृताचें. येथें एका शब्दाचें अधःपतन मोठें विचारप्रवर्तक आहे. आर्जव हा शब्द ऋजु म्हणजे सरळ यापासून झाला. गीतेच्या तेराव्या अध्यायांत ज्ञानाच्या लक्षणांत तो आला आहे, आणि ज्ञानेश्वरांनीं त्याचें विवरण सद्गुण म्हणूनच केलें आहे. परंतु व्यवहारांतील मराठींत आर्जव करणें म्हणजे गयावया करणें, लाघवानें काम साधणें. ज्याचा कणा सरळ, त्याचाच शब्द कणा वाकविणाऱ्याच्या वाट्यास कसा आला? सरळपणा गोड बोलण्यांत दिसूं लागला, आणि गोड बोलणें गरजवंताच्या तोंडीं अधिक आढळूं लागलें, अशी ही उतरंड असावी असें आम्हांस वाटतें. अनुनयाची गतही फारशी निराळी नाहीं. रुसलेल्या प्रिय व्यक्तीची समजूत घालणें हा त्याचा नाजूक अर्थ; आज तो राजकीय भाषणांत आरोप म्हणून फेंकला जातो.

तिसरें कूळ शुद्ध देशी, आणि तें सर्वांत निर्दय आहे. गोंडा घोळणें, लाळ घोटणें, थुंकी झेलणें, पाय चाटणें, पुढें पुढें करणें, हे सारे वाक्प्रचार शरीराचे आहेत, आणि बहुतेक कुत्र्याच्या शरीराचे. गोंडा म्हणजे शेपटीचा झुबका. लॅटिन भाषेंतील ज्या क्रियापदापासून इंग्रजी अड्युलेशन निघालें, तेंही कुत्र्याच्या लाडीगोडीस लावीत असत. तेव्हां ही कल्पना आमच्याच गोठ्यांत उपजली असें नव्हे. तोंडपुजेपणा हा शब्द मात्र खास लक्ष देण्याजोगा आहे. कानडी व तेलुगु या दोन्ही भाषांत खुशामतीस मुखस्तुति म्हणतात. समोर तोंड आहे तोंवर स्तुति, ही त्यांची कल्पना. मराठीनें स्तुतीच्या जागीं पूजा घालून तींत उपरोध भरला. देवणीच्या बाजारांत या शब्दांची गांठ पडली, तर त्यांस एकमेकांची ओळख पटण्यास दुभाष्या लागूं नये.

आतां या तिन्ही कुळांचा एकत्र विचार करूं. दरबारी शब्द असो, पंडिती असो कीं गांवंढळ असो, दोष नेहमीं स्तुति करणाराच्या माथीं आहे. याचा उत्तम पुरावा खुशामतखोर हा शब्द. फार्सी खोर म्हणजे खाणारा. लाचखोर म्हणजे लाच खाणारा. तेथें निंदा घेणाराची होते. त्याच न्यायानें खुशामतखोर म्हणजे खुशामत गिळणारा धनी असा अर्थ व्हावयास हवा होता. पण मराठींत तो खुशामत करणारा चाकर झाला! भांडखोर, चुगलखोर या शब्दांत खोर प्रत्ययाचा अर्थ केवळ 'संवयीनें करणारा' असा झाला आहे, हें व्याकरणाचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे व तें मान्यही आहे. तरीही दोन्ही व्यवहार एकाच जातीचे असतां एकांत खाणारा दोषी आणि दुसऱ्यांत वाढणारा दोषी, हा भेद विचार करावयास लावणारा नाहीं काय? खुशामत ज्यास आवडते त्यास आपण स्तुतिप्रिय म्हणतों. आणि तो शब्द इतका सौम्य आहे कीं देवासही लावतां यावा.

इंग्रजीही या बाबतींत आपल्याहून न्यायी नाहीं. सिकोफंट हा शब्द ग्रीक भाषेंत चहाडखोराचा होता. त्यांत अंजिराचा संबंध कसा आला याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. परंतु कुटाळ खबऱ्याचा अर्थ बदलून तो लोंचट खुशामत्या झाला, यांत वाद नाहीं. टोडी हा शब्द बेडूक खाणारा या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप आहे. इंग्लंडांतील भोंदू वैद्य आपल्या पोऱ्यास विषारी समजला जाणारा बेडूक खाल्ल्याचें सोंग करावयास लावीत, आणि मग आपल्या औषधानें तो वांचला असें दाखवीत. शिवी झाली ती पोऱ्याच्या धंद्याची. वैद्याच्या धंद्याची झाली नाहीं. स्वातंत्र्याच्या चळवळींत 'टोडी बच्चा हाय हाय' ही घोषणा हिंदुस्थानभर दुमदुमली, तेव्हांही ती लागली सरकारच्या पाठिराख्यांस. गरजू माणसाची लाचारी उघड्यावर असते, म्हणून तिला नांवें मिळतात. ज्याच्या दारांत ती घडते त्याची भूक पडद्याआड असते, म्हणून ती निनांवी राहते.

तथापि मराठी भाषा अगदींच एकाक्ष आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. घेणाराविषयींचे शब्द तिनें निराळ्या ठिकाणीं, म्हणजे गोठ्यांत, ठेविले आहेत. देवणी हें नांव महाराष्ट्राबाहेर पोंचलें तें गांवापेक्षां गुरांमुळें. दुधास आणि औतास दोहोंसही उपयोगी अशी ही जात देवणी-उदगीर भागाची असून सीमेपलीकडे तिला डोंगरपट्टी असेंही म्हणतात. अशा जनावरास कामास लावणारा शेतकरी प्रथम काय करतो? तो त्यास अंजारतो-गोंजारतो, चुचकारतो, पाठीवर थाप देतो, आणि मग मानेवर जूं ठेवितो. हेच शब्द आपण माणसास लावितों तेव्हां काय होतें पाहा. 'त्याचा अहंकार गोंजारला' असें म्हटलें कीं चित्र उलटें फिरतें. आतां जनावर होतो तो स्तुति ऐकणारा. आणि हात फिरविणारा त्याचा मालक ठरतो. इंग्रजी फ्लॅटर हें क्रियापदही तळहातानें कुरवाळणें या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलें असें मानितात. हरभऱ्याच्या झाडावर चढविणें हा वाक्प्रचारही याच बाजूचा. हरभरा हें वीतभर रोप. त्याला झाड समजून जो चढूं पाहतो, त्याचेंच हंसें व्हावयाचें.

भर्तृहरीच्या नीतिशतकांतील एका प्रसिद्ध श्लोकांत या दोन्ही बाजू एकत्र आल्या आहेत. ज्यावरून आपण लांगूलचालन हा शब्द उचलला तो हाच श्लोक. आपण त्यांतील शेपूट हालविणारा कुत्रा तेवढा लक्षांत ठेविला. परंतु पुढें त्यांत हत्तीही आहे. त्यानें घांस घ्यावा म्हणून त्याच्यापुढें शेंकडों चाटुवचनें बोलावीं लागतात, असें कवि सांगतो. कवीच्या दृष्टीनें हें हत्तीचें धीरोदात्तपण आहे, आणि तें आम्हीही नाकारीत नाहीं. पण ज्या गजराजाची इतकी मनधरणी होते, त्याच्या पाठीवर माहूत बसलेला असतो, हें विसरून चालणार नाहीं.

याचें ऐतिहासिक उदाहरण देवणीच्या जुन्या मालकाचेंच देतां येतें. १९१८ सालीं, पहिलें महायुद्ध अजून चालू असतां, ब्रिटिश सरकारनें निजाम मीर उस्मान अली खान यांस 'हिज एक्झाल्टेड हायनेस' हा सर्व संस्थानिकांहून वरचा किताब दिला, आणि ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त या अर्थाची बिरुदावलीही जोडली. फार्सींत तिला यार-ए-वफादार म्हणत. युद्धास निजामानें पुष्कळ द्रव्य पुरविलें होतें. या प्रसंगीं प्रबळ कोण व दुर्बळ कोण, हें सांगावयास नको. आणि गोड शब्द कोणाकडून कोणाकडे गेले, हेंही उघड आहे. ज्याच्यापुढें सारें राज्य वांकत होतें, त्याच्या पाठीवरून दुसरा एक हात फिरत होता. खुशामत नेहमीं खालून वर जाते, ही समजूत यामुळें खोटी ठरते. ती ज्यास काम करून घ्यावयाचें असतें त्याच्याकडून, ज्याच्याकडून तें होणार असतें त्याच्याकडे जाते. एवढाच तिचा खरा नियम आहे.

येथें कोणी विचारील कीं मग स्तुति आणि खुशामत यांत भेद कसा ओळखावा? सत्य आणि असत्य ही कसोटी पुरत नाहीं. कारण खुशामत पुष्कळदां अक्षरशः खरीच असते. उत्तरासाठीं पुन्हां गोठ्याकडेच वळूं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करितात. जुवाखालीं झिजलेल्या बैलाच्या खांद्यास हळद व तूप किंवा लोणी चोळतात. लोणी लावणें या शब्दांचा शहरी अर्थ काय झाला आहे तें सर्वांस ठाऊक आहे. पण येथें तें खरेंच लोणी आहे, आणि तें खरोखरच सोललेल्या जागीं लागतें. चुचकारणें जूं ठेवण्यापूर्वीं असतें. खांदेमळणी जूं वाहिल्यानंतर असते. एकाची दृष्टि होणाऱ्या कामावर, दुसरीची झालेल्या कामावर. एक हात जनावराच्या कोणत्याही अंगावरून फिरतो. दुसरा नेमका जेथें घांस पडली आहे तेथेंच पोंचतो. ज्या स्तुतींत झालेल्या कामाचें नेमकें ज्ञान आहे ती कृतज्ञता. आणि जींत केवळ होणाऱ्या कामाची आशा आहे, ती कितीही खरी असली तरी खुशामत.

ही कसोटी घरांत, कचेरींत आणि ग्रंथपरीक्षणांतही लावून पाहण्यासारखी आहे. ग्रंथाचें एकही प्रकरण न सांगतां ग्रंथकर्त्यास 'सिद्धहस्त' म्हणणारें परीक्षण वाचतांना पुढील काम कोणतें, असा प्रश्न वाचकांनीं अवश्य विचारावा. मुलास 'हुशार' म्हणतांना त्यानें काय केलें हें आपणांस सांगतां येतें कीं नाहीं, हें आईबापांनींही पाहावें. आणि कोणास लाळघोट्या म्हणावयास ओंठ उघडले, तर त्याच्या समोर कोण उभा आहे, व त्यानें ती लाळ आपल्या दारांत किती दिवस गळूं दिली, हेंही विचारावें. कचेरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या अर्जदारास शिव्या देणें सोपें आहे. मराठींत त्यासाठीं शब्दांची कमतरता नाहीं. आंत बसलेल्यासाठीं मात्र एखादा चांगला, खणखणीत, रोजच्या बोलण्यांतला शब्द आपल्या भाषेनें अजून घडवावयाचा आहे.