पान कोणी उलटावयाचे? : जेफ्री लुईस यांची चित्रे आणि गाणी

१९५४ च्या 'कॉमिक्स कोड'ने अमेरिकन चित्रकथेवर जे निर्बंध लादले, त्यांना छेद देत १९६० नंतरच्या दशकात भूमिगत चित्रकथा उदयास आली. रॉबर्ट क्रम यांच्या 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक (१९६८) हे त्या बंडाचे ठळक उदाहरण होय. न्यूयॉर्कचे चित्रकथाकार आणि गायक जेफ्री लुईस (जन्म १९७५) याच परंपरेचे वारस मानले जातात. परंतु ते रेखाटू लागले तोवर त्या निर्बंधांचा धाक पुष्कळसा ओसरला होता. मग 'भूमिगत' राहण्याला अर्थ कोणता?

साधनांचे दारिद्र्य, हे उत्तर अपुरे आहे. लंडनच्या 'रफ ट्रेड'ने २००१ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. गाण्याला असा प्रकाशक लाभल्यावरही 'फफ' ही चित्रकथामालिका ते स्वतःच प्रसिद्ध करीत राहिले. या निवडीचे मर्म रूपबंधात शोधावे लागते.

चित्रकथेतील काळ वाचकाच्या स्वाधीन असतो. तो एखाद्या चौकटीवर रेंगाळतो, मागे वळतो, पान उलटतो. गाण्यातील काळ गायक ठरवतो. महाविद्यालयात 'वॉचमेन'वर प्रबंध लिहिणाऱ्या लुईस यांना या भेदाची जाण नसेल, असे म्हणता येत नाही. आपल्या सचित्र गाण्यांत ते मोठ्या वहीची पाने श्रोत्यांसमोर एकेक उलटीत गातात. साम्यवादाचा इतिहास त्यांनी अशाच रीतीने मांडला आहे. येथे पान गायक उलटतो आणि वाचकाचे स्वातंत्र्य लयीच्या हवाली होते. इतिहासाचा वेग त्यामुळे प्रत्ययास येतो. मात्र एखाद्या विधानापाशी थांबून शंका घेण्यास अवकाश उरत नाही, ही मर्यादाही नोंदवावयास हवी.

या मर्यादेचे भान त्यांच्या 'ट्वेल्व्ह क्रॅस साँग्ज'मध्ये (२००७) जाणवते. क्रॅस या ब्रिटिश अराजकवादी पंक वाद्यवृंदाची आक्रमक गाणी त्यांनी सौम्य लोकगीताच्या वळणाने गायिली. कोलाहलात बुडालेले शब्द त्यामुळे विचारासाठी मोकळे झाले. जणू वाचकाचा संथ काळ गाण्यात परतला.

हा संथ काळ 'फफ'च्या पानांत मूळचाच आहे. व्यासपीठावर घेतलेला पान उलटण्याचा अधिकार लुईस तेथे वाचकाला परत करतात. त्यांच्या बाबतीत 'भूमिगत' हे विशेषण वाचकाशी जोडलेल्या या नात्यामुळेच सार्थ ठरते.