गुरं वाढली म्हणून माकडताप आला? बोशेल यांचा 1969चा पेपर वाचताना

क्यासनूर फॉरेस्ट डिसीजवरचा, म्हणजे आपल्या माकडतापावरचा, कुठलाही रिव्ह्यू उघडा. पहिल्या-दुसऱ्या पानावर एक वाक्य ठरलेलं असतं: जंगलतोड झाली, जंगलात चरणारी गुरं वाढली आणि रोग उफाळला. पुढे कंसात बोशेल, 1969. माझ्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. सराव प्रेझेंटेशनला एका सिनियरने विचारलं, "हा पेपर तू स्वतः वाचलायस का?" नव्हता. दुसऱ्याच्या रिव्ह्यूतून उचलला होता. मग शिवाजी पेठेतल्या खोलीवर बसून तो नीट वाचून काढला.

थोडी पार्श्वभूमी. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, आधी पिवळ्या तापाची शंका आली. निघाला तो गोचिडीतून पसरणारा, रशियन एन्सेफलायटिसच्या कुळातला नवा विषाणू. जॉर्ज बोशेल मूळचे कोलंबियाचे. तिथं जंगली पिवळ्या तापावर काम करून ते इकडे आलेले. त्यामुळे माणूस जंगलात शिरून काय बदल करतो, इकडे त्यांची नजर पहिली जाते. पेपरचं बळ मला यातच वाटतं.

त्यांचा युक्तिवाद समजायला गोचिडीचं जीवनचक्र माहीत हवं. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा आयुष्यात तीनदा रक्त पिते, दर वेळी नव्या प्राण्यावर. लार्व्हा आणि निम्फ उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं असं मिळेल त्यावर भागवतात. माणसाला चावते ती मुख्यतः निम्फ. प्रौढ मादीला मात्र मोठं जनावर लागतं. गवे-सांबर जंगलात असतात, पण विखुरलेले. भातासाठी जंगल साफ झालं, वस्ती वाढली, गुरं आत चरायला जाऊ लागली, की या मादीला रोजचं ताट वाढलं जातं. आमच्या पेठेत अजून म्हशींचे गोठे आहेत. कासेजवळ टम्म फुगलेली गोचीड दिसते ना, ती पोट भरलेली मादी. गळून पडली की शेकड्या-हजारांत अंडी घालते. जात वेगळी असली तरी हिशेब तोच. थोडक्यात बोशेल म्हणतात, विषाणू जंगलात गुपचूप होताच. माणसाने वाढवल्या त्या गोचिडी.

इथे सेट-नेटवाले हमखास गोंधळतात. गाय विषाणूचं भांडार नाही. तिच्या रक्तात तो फारसा वाढत नाही, हे अँडरसन आणि सिंग यांच्या 1971च्या प्रयोगांतून दिसलं. गाय गोचीड पोसते, विषाणू नव्हे.

आता माझी तक्रार. गुरं असलेलं आणि गुरं नसलेलं, बाकी सारखंच जंगल घेऊन दोन्हीकडे काही वर्षं गोचिडी मोजल्या, असा तुलनात्मक पुरावा या पेपरमध्ये नाही. 1957 च्या आधी रोग नव्हता की कुणी पाहिलाच नव्हता, तेही यातून ठरत नाही. शिवाय सगळी मांडणी एका भागातल्या निरीक्षणांवर उभी आहे. पण बोशेल यांना दोष कशाला द्यायचा? त्यांनी शीर्षकातच 'इकॉलॉजिक कन्सिडरेशन्स' म्हटलंय. विचार मांडलाय, सिद्धता नाही. त्याची सिद्धता केली ती नंतर उद्धृत करणाऱ्या आपण लोकांनी.

दुसरी अडचण रोगाच्या नावातच आहे. मेलेलं वानर लगेच दिसतं, पाचोळ्यात मेलेला उंदीर दिसत नाही. म्हणून माकडांवर लक्ष जास्त गेलं आणि छोटे सस्तन प्राणी मागे राहिले.

2020 मध्ये बेथन पर्स आणि सहकाऱ्यांनी जोखमीचे नकाशे काढले. सदाहरित जंगल आणि लागवड यांची सरमिसळ, शिवाय देशी गुरांची घनता, यांच्याशी माणसांतल्या केसेसचा संबंध दिसला. म्हणजे बोशेल यांची दिशा बरोबर असावी. पण हाही सहसंबंधच आहे, कारण नव्हे. आणि नुसतं 'जंगलतोड' म्हणणं किती ढोबळ आहे, हेही त्यातून कळतं.

एवढा कीस का काढायचा? चंदगडवरून तिलारी घाट उतरलं की दोडामार्ग. 2016 मध्ये माकडताप तिथं पोचला. तिथल्या काजू बागायतदाराला आपण 1969च्या आधाराने "गुरं जंगलात सोडू नका" सांगितलं, तर चारा विकत घ्यायचा खर्च त्याचा. शिवाय तिथं गवे आहेत. गुरं बंद केल्यावर निम्फ खरंच कमी होतील, की प्रौढ गोचिडी गव्यांवर भागवतील? या प्रश्नाला हा पेपर उत्तर देत नाही.

सिनॉप्सिसमधलं वाक्य मी बदललं: "गुरांमुळे रोग वाढला" ऐवजी "गुरांमुळे गोचिडी वाढल्या असाव्यात, असं बोशेल यांनी सुचवलं". गाईडनी 'असाव्यात'खाली रेघ मारून शेजारी लिहिलंय, "मग तू काय मोजणार?" गोचिडी गोळा करायला दोडामार्गातल्या कुठल्या बागा घ्यायच्या, त्याची यादी सध्या करतेय.